उलटं ठेवलेलं कालव

बाराच्या बारा कालवं बर्फावर गोल मांडून आली होती आणि त्यांतलं एक उलटं होतं. शिंपला उलटा नव्हे. शिंपला बाकीच्यांसारखाच खोलगट बाजू खाली करून बर्फात रोवलेला होता. आतला जीव उलटा होता. खालचा स्नायू सुरीच्या टोकाने कापायचा, जिवाला अलगद पालथं घालायचं आणि त्याचं गुळगुळीत, फुगीर पोट वर आणून ठेवायचं. पॅरिसकडच्या बड्या हॉटेलांत सगळीच कालवं अशी करतात, दिसायला गुबगुबीत दिसतात म्हणून. पण इथे, नांतच्या नदीकाठी, जिथे टेबलावर कागद अंथरतात आणि हात पुसायला ओल्या फडक्यांची टोपली मधोमध ठेवतात, तिथे एवढी नजाकत कोण करत बसणार? आणि करायचीच तर बारांत एकच का? ताटाला घड्याळ मानलं तर ते नऊच्या जागी होतं, सोलेनच्या डाव्या हाताला. लिंबाच्या फोडीकडे निघालेला तिचा हात मध्येच थांबला आणि मग काहीतरी करायचं म्हणून तिने पाण्याचा पेला सरकवला.  अजून तिने मनाशी काहीही म्हटलं नव्हतं, पण शरीराला कळलं होतं.

"आवडली नाहीत का?" एनोरा समोरून म्हणाली. एनोरा तिची मुलगी, जूनमध्ये एकोणीस पुरी होईल. सप्टेंबरपासून इथे नांतला शिकायला होती. सोलेन राहायची तिकडे आंजेला, समुद्रापासून चांगली दूर, तिथल्या एका शाळेच्या कचेरीत. आज सोलेनला सत्तेचाळीस लागलं म्हणून पोरीने तिला आगगाडीचं तिकीट पाठवून बोलावून घेतलं होतं. स्टेशनावरून येताना नदीकडच्या बाजूने, बोटी बांधतात त्या धक्क्यावरून मागच्या दाराने आत आणलं होतं. पुढचं दार आहे की, असं सोलेन म्हणाली तर, इकडून नदी दिसते, म्हणाली होती.

"बघतेय नुसती."

"बघायला नाही मागवलीत. खा. आणि चेहरा असा पाडू नकोस ना, वाढदिवस आहे तुझा."

तेवढ्यात वाढणारी, ओदिल, पाव घेऊन आली. साठीची असावी, केस मेंदीसारखे लाल, चष्मा कपाळावर, सगळ्या गिऱ्हाइकांशी भांडल्यासारखं बोलायची आणि त्यामुळेच गिऱ्हाइकं परत यायची. राईचा काळा पाव आणि खाऱ्या लोण्याची वडी तिने आदळली. "काय हो मादाम, मोजताय होय? बाराच आहेत. तेरावं दिलं तर आमचा मालक रडत बसेल."

"कालवं कोण उघडतं तुमच्याकडे?" सोलेनने विचारलं. आवाज बरोबर निघाला, याचं तिला आश्चर्य वाटलं.

ओदिलने एनोराकडे पाहिलं. एनोराने लगेच पावाचा तुकडा तोडला. "का? कच आली का दाताखाली?"

"नाही, छान उघडलीत. म्हणून विचारलं."

"मग खा की! उघडणाऱ्याचं नाव विचारून काय सोयरीक जुळवायचीय?" म्हणत ओदिल गेली, आणि एनोरा गरजेपेक्षा जरा जास्तच हसली.

सोलेनने एक कालव उचललं, तीनच्या जागेवरचं. कांद्याचा व्हिनेगर थेंबभर घातला, ओठाला लावलं, गिळलं. समुद्र घशातून खाली गेला आणि रिकामा शिंपला हातात राहिला. तो तिने उजेडाकडे कलता धरला. हे तिने मुद्दाम केलं नाही. ज्या गावात ती वाढली तिथे लहान पोरंसुद्धा असं करतात. शिंपल्याच्या आतल्या मोतिया पांढरीवर सुरीचा ओरखडा उठतो. उजव्या हाताचा माणूस कालव डाव्या तळव्यात धरतो, बिजागरी मनगटाकडे करून, आणि त्याचा ओरखडा एका अंगाने येतो. डावखुरा माणूस कालव उजव्या हातात धरतो, बिजागरी बोटांकडे करून, आणि त्याचा ओरखडा उलट अंगाने. मॉर्बिहांच्या खाडीवरच्या त्यांच्या गावात कालवं उघडणारे तीस-चाळीस जण असतील, त्यांत डावखुरा एकच होता. सणासुदीला ताटंच्या ताटं एकत्र बाहेर जायची तेव्हाही रिकामे शिंपले बघून कुणीही सांगायचं, हे झिल्दासचं काम. हातातल्या शिंपल्यावरचा ओरखडा डावखुरा होता. तिने दुसरं खाल्लं. तोही डावखुरा. तिसरं खायची गरज नव्हती, पण तिने खाल्लं, कारण एनोरा बघत होती.

झिल्दास. किती वर्षांत हे नाव तिने मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं! उच्चारायची वेळ आलीच तर ती त्याला 'तो' म्हणायची, आणि तो मेला आहे असं तिने स्वतःच्या मुलीला सांगितलं होतं. समुद्रात गेला, असं. सांगताना तिला फारसं खोटं वाटलं नव्हतं. एखादा माणूस आपल्यापुरता मेला की मेला. तेवीस वर्षांची होती ती, गावच्या धक्क्यावरच्या खाणावळीत वाढायचं काम करायची, आणि तो दाराबाहेरच्या पाटापाशी उभा राहून कालवं उघडायचा. बर्फाचा ढीग, त्यावर शेवाळ, शेवाळावर लिंबं, आणि मागे तो. दंडापर्यंत बाह्या दुमडलेल्या, बोलणं कमी. दुपारचं काम आटोपलं की वाढणाऱ्या पोरी स्वैपाकघराच्या पायरीवर बसून जेवायच्या. तो प्रत्येकीला सहा-सहा कालवं पाठवायचा. पहिल्यांदा तिच्या ताटलीत एक उलटं आलं तेव्हा तिला वाटलं, चुकून झालं. दुसऱ्यांदा शेजारची हसली. तिसऱ्यांदा तिने बाहेर जाऊन विचारलं, "हे काय?" तो खाली मान घालून सुरी पुसत म्हणाला, "म्हणजे थांब. आज एकटी जाऊ नकोस, मी सोडतो घरी." कुणी एवढं न बोलता आपली वाट अडवावी, यात किती सुख असतं हे तेवीस वर्षांच्या पोरीला विचारा. त्या उन्हाळ्यात उलट्या कालवाशिवाय तिला जेवण गेलं नाही.

मग ती त्याच्या घरी राहायला गेली आणि 'थांब' हा शब्द हळूहळू बदलला. कुणी गिऱ्हाईक तिच्याशी दोन शब्द जास्त बोललं की ताटलीत उलटं. आईला भेटायला जाते म्हणाली की उलटं. शिंपल्यात गुळगुळीत पोट वर करून तो जीव पडलेला दिसला की ती घास खाली ठेवायची, कारण घरी गेल्यावर काय होणार ते ठरलेलं असायचं. तो कधी ओरडला नाही. हीच त्याची तऱ्हा होती. चारचौघांत त्याचा आवाज कधी चढला नाही. सगळ्या गावात त्याच्याइतका शांत माणूस नाही अशी ख्याती होती, आणि ती ख्याती खरीच होती. शेजारच्या खोलीत कपबशी वाजली तरी ऐकू येईल इतक्या शांतपणे तो मारायचा.

आणि मग, चार वर्षांनी, तो डिसेंबर. नाताळच्या आधीचा आठवडा, कालवांच्या धंद्याची सगळी वर्षाची कमाई त्या आठवड्यात होते. माणसं उभ्याने जेवतात. ओहोटीला जाळीच्या पिशव्या उचलून आणायच्या, शेडमध्ये धुवायच्या, निवडायच्या, टोपल्या भरायच्या. दुपारचे चार वाजले होते, दिवस मावळत आला होता, शेडमधल्या पाण्याच्या टाकीवर नळीचा दिवा जळत होता. तिला तिसरा महिना चालू होता आणि तिने त्याला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, हे तिला आजही धड सांगता येणार नाही. एवढं खरं की तिने आदल्या दिवशी आंजेच्या आत्याला फोन केला होता आणि तो त्याला कळला होता. दुपारच्या ताटलीत उलटं होतंच. "फोन कुणाला?" त्याने विचारलं. ती मागे सरली, पाठ टाकीच्या काठाला लागली. त्याच्या डाव्या हातात सुरी होती, ती आखूड, जाड पात्याची सुरी, दिवसभर तीच हातात असायची म्हणून असेल. तिने उजवा हात पुढे केला. एवढंच; थांब, म्हणायला. आता थांब म्हणायची पाळी तिची होती. सुरी तळव्यात अंगठ्याखाली शिरली आणि तिला आधी दुखलं नाही, आधी फक्त टाकीतल्या पाण्याचा रंग बदललेला दिसला. दवाखान्यात त्याने स्वतःच नेलं. कालव उघडताना सुरी घसरली, असं तिच्या आधी त्यानेच सांगितलं. डॉक्टर म्हातारा होता, त्या किनाऱ्यावर त्याने असे तळवे हजारांनी शिवले असतील. त्याने टाके घालता घालता तिच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिलं, उजव्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या का हो?" झिल्दास दारात उभा होता. "हो," ती म्हणाली. डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही. जानेवारीत, तो ओहोटीला खाडीत गेलेला असताना, ती एक पिशवी घेऊन बसमध्ये चढली आणि समुद्राकडे पाठ करून बसली.

"आई, तू ऐकतच नाहीयेस," एनोरा म्हणाली.

"ऐकतेय."

"मग मी काय म्हणाले?"

 सोलेनच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: पाट पुढच्या दाराला असतो, आपण मागून आलो, मग त्याने आपल्याला पाहिलं कसं? खिडकीतून? ओदिलने सांगितलं? पण ओदिलला कुठे माहीत आपलं नाव. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या खाणावळींत, योगायोगाने इथे येऊन पडावं? योगायोग असतात, तिने स्वतःला समजावलं, आणि त्याच वेळी तिला गेल्या जुलैमधलं वर्तमानपत्र आठवलं. शालान्त परीक्षेचे निकाल छापतात ते. एनोरा केरवेला, आंजे, प्रावीण्यासह. तिने दोन प्रती घेतल्या होत्या, एक कापून फ्रिजवर लावली होती. केरवेला हे तिचं माहेरचं आडनाव. आणि एनोरा हे नाव? ते पहिल्या उन्हाळ्यात, धक्क्यावर पाय सोडून बसलेल्या दोघांनी मिळून ठरवलं होतं, मुलगी झाली तर म्हणून. तिला ते नाव आवडत होतं. त्याच्या रागाने ते का सोडावं, असं तिला बाळंतपणात वाटलं होतं. काय हा मूर्खपणा! स्वतः पळालीस, लपलीस, समुद्राची वाट विसरलीस आणि पोरीच्या कपाळावर पत्ता लिहून ठेवलास.

"चल, जाऊ आपण," ती म्हणाली. "मला बरं नाही वाटत."

"आत्ता? अगं अजून खेकडा यायचाय!"

"एनोरा, ऊठ. ज्या दाराने आलो त्या दाराने."

"पाच मिनिटं. प्लीज. पाणी पी. तोंडावर पाणी मार, जा, तिकडे आहे." मुलीने इतक्या आर्जवाने सांगितलं की सोलेन उठली. उठली कारण तिला बघायचंच होतं. भीती वाटते त्या गोष्टीचं तोंड दिसलं म्हणजे निदान ती कुठे आहे ते कळतं. बोळातून डावीकडे हात धुवायची जागा होती आणि समोर, लोंबत्या मण्यांच्या पडद्यापलीकडे, पुढचं दार. पडद्यातून बर्फ चमकत होता. लिंबं दिसत होती, ओलं शेवाळ दिसत होतं, एक निळा रबरी एप्रन आणि त्याला लागून दुमडलेली बाही. कोपर हलत होतं. डावं कोपर. माणसाचा चेहरा खांबाआड होता, पण मधूनमधून तो सुरी पाटावर दोनदा ठोकायचा, पात्यावरची कच झटकायला. टक टक. हा आवाज तिने इतक्या वर्षांत आठवला नव्हता आणि आता तो ऐकू आल्यावर कळलं की तो विसरलाही गेला नव्हता. तिने नळ सोडला, मनगटं गार पाण्याखाली धरली, आरशात न बघता आकडे मोजले: दहा, वीस, तीस. मग परत फिरली.

टेबलावर एनोरा नव्हती. खुर्ची मागे सरकवलेली, कोट पाठीला तसाच, पिशवी तशीच, अर्धा तोडलेला पाव. पुढच्या दाराकडून टक टक ऐकू येत नव्हतं. सोलेन तिथेच उभी राहिली. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं शिंपल्यांची रास रचत होतं. खाऊन झालेला प्रत्येक शिंपला बाई बर्फावर पालथा घालत होती, टप, टप, आणि नवरा तिला वाइन ओतत होता. आपल्या पोरीला नेलं. एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात होतं. एकोणीस वर्षं हे वाक्य तिने कुणाला ऐकवलं नव्हतं. पाळणाघराच्या दारात, शाळेच्या सहलीला, पहिल्यांदा एकटी बसने गेली त्या दिवशी, दर वेळी ते आलं होतं आणि दर वेळी तिने ते गिळलं होतं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कुठे निघालीस? बस ना," मागून आवाज आला. एनोरा. हातात एक अख्खं लिंबू, गाल लाल, केसांना समुद्राचा वास. "बाहेर गेले होते मिनिटभर. बस. मला आता धीर धरवत नाही, सांगूनच टाकते. ही कालवं कुणी उघडली ओळख."

सोलेन बसली. 

"मी!" एनोरा म्हणाली. "सगळी बारा. सकाळी दहालाच आले होते. ओदिल म्हणाली, पोरी, तू आईचा वाढदिवस करतेयस की तिला विष घालतेयस. पण आली ना जमून? एकही फुटलं नाही. दर गुरुवारी शिकतेय, ऑक्टोबरपासून. डावखुऱ्याला कुणी शिकवत नाही गं, सगळे म्हणतात उजव्याने कर. इथे बाहेर पाटावर असतात ते म्हणाले, नाही, हात आहे तोच बरोबर, फक्त कालव फिरवून धर. आणि हे बघ." तिने उजवा तळवा पुढे केला. अंगठ्याखाली पट्टी होती, ती तिने उचकटली. आत लहानशी, लाल, ताजी भेग होती. "मागच्या गुरुवारी घसरली. पण बघ ना कुठे! बरोब्बर तुझ्या जागी. मला इतका आनंद झाला. म्हटलं, आता आपल्या दोघींची खूण सारखी."

सोलेन त्या भेगेकडे बघत राहिली. म्हणजे तो ओरखडा पोरीचा होता. तिने त्याचा हात ओळखला होता, पण तो हात इथे, या चिमुकल्या नखांच्या, शाई लागलेल्या बोटांत येऊन बसला होता आणि तिला पत्ताही नव्हता.

"ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "तो इथे कधीपासून आहे?"

एनोराचं हसू जरा ओसरलं. "ऑक्टोबरपासूनच. का?" आणि मग, हळू, "म्हणजे तुला कळलं कोण ते."

"तुला काय माहीत आहे?"

"सगळं. त्यांनी नाताळात सांगितलं. मला आधी खरं वाटेना, मग त्यांनी तुझा फोटो दाखवला, धक्क्यावरचा. आई, तू मला सांगितलंस की ते बुडाले." आवाज बारीक झाला, पण डोळे तिच्यावरून हलले नाहीत. "लहानपणी समुद्रावर जायचं म्हटलं की तू नाही म्हणायचीस. मी त्या समुद्राला घाबरायचे, माझ्या बापाला खाल्लं म्हणून. मी चित्रं काढायचे त्याची. आणि तो माणूस तिकडे जिवंत. त्याला मी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तू असं कसं करू शकलीस?"

"एनोरा, तो माणूस—"

"ते रडले माझ्यासमोर. म्हणाले, तुझ्या आईचा दोष नाही, मी तेव्हा कडक होतो, मला बोलता यायचं नाही. तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत ते. एक. आणि तू मात्र त्यांना मारूनच टाकलंस." तिने नऊच्या जागेकडे बोट केलं. "ते उलटं मला जमेना, तीन फोडली. ते म्हणाले, एवढं एकच कर तिच्यासाठी, तिला कळेल. त्याचा अर्थ 'माफ कर' ना? तुमच्या दोघांतला?"

ते कालव तसंच होतं, गुळगुळीत, फुगीर, बर्फावर किंचित थरथरत. माफ कर! त्याने शब्दही बदलून पोरीच्या हाती दिला होता. सोलेनला सगळं एकदम सांगायचं होतं आणि तिला दिसत होतं की सांगून उपयोग नाही. खोटं बोलणारी तीच ठरली होती. एकोणीस वर्षं जिने बाप मेला म्हणून सांगितलं, ती आता तो मारायचा म्हणून सांगणार, आणि समोर एक म्हातारा, शांत, रडणारा माणूस. पोरगी कुणावर विश्वास ठेवील? आज नाही तर उद्या ती त्याच्या घरी जाईल. एका गुरुवारी तिच्याही ताटलीत उलटं येईल आणि तिला ते गोड वाटेल. पुढच्या दाराकडे पुन्हा टक टक सुरू झालं होतं. मग ते थांबलं. पाट फडक्याने पुसल्याचा आवाज आला. तो येत होता. तिला ते न बघता कळलं, कारण काम संपल्यावर पाट पुसायची त्याची तऱ्हा तीच होती, एक लांब, दोन आखूड.

"तुझ्या त्या भेगेबद्दल सांग," सोलेन म्हणाली.

"काय?"

"कशी लागली. लवकर सांग."

"अगं सांगितलं ना. कालव असं धरलं," एनोराने उजवा तळवा वाटीसारखा केला, "सुरी डाव्या हातात. जोर जास्त झाला, सुरी सुटली आणि या हातात शिरली. धरलेल्या हातात. तशीच लागते. सगळ्यांना तिथेच लागते, ते म्हणाले."

"बरोबर. धरलेल्या हातात." सोलेनने आपला उजवा तळवा कागदावर पालथा होता तो उताणा केला. अंगठ्याखाली पांढरा, ओढलेला व्रण, टाक्यांचे सात ठिपके. मुलीने तो हजारदा पाहिला होता. ताप आला की याच तळव्याने तिचं कपाळ तपासलं होतं. "आणि मी लिहिते कुठल्या हाताने, एनोरा?"

"उजव्या." ती पटकन म्हणाली. "का?"

"सुरी कुठल्या हातात धरेन?"

 एनोराने आईच्या तळव्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा आईच्या. उजवा अंगठा नकळत मिटला, काल्पनिक सुरीवर. डावा तळवा वाटीसारखा झाला, काल्पनिक कालवाभोवती. तिने ती सुरी एकदा, अगदी हळू, पुढे लोटली, आणि ती जिथे जायची तिथे, डाव्या तळव्यात गेली. डावा. तिने आईचा डावा हात ओढून उलटून पाहिला. स्वच्छ होता. सहा महिने गुरुवारी गुरुवारी जे ती शिकली होती ते आता तिच्या हातांनाच सांगत होतं, आणि हातांशी वाद घालता येत नाही. मग तिने आपला डावा हात, सुरीचा हात, समोर, आईच्या दिशेने धरला. तो आईच्या उजव्या तळव्याच्या बरोबर समोर आला. समोर उभ्या डावखुऱ्याची सुरी तिथेच लागणार.

मण्यांचा पडदा वाजला. तो थकला होता, केस पार पिकले होते, खांदे उतरले होते. रस्त्यात कुणीही त्याला वाट करून दिली असती. निळा एप्रन ओला होता. डाव्या हातात ती आखूड सुरी तशीच होती, सवयीने, आणि तो फडक्याने तिचं पातं पुसत होता.  टेबलाशी येऊन त्याने आधी ताटाकडे पाहिलं, नऊच्या जागेकडे.

"ते राहिलंय," तो म्हणाला. तोच शांत आवाज. "सोलेन, तू थांबलीस, बरं वाटलं."

 एनोराने आईचा उजवा हात मनगटापाशी धरला, उताणा करून टेबलावर त्याच्यासमोर ठेवला आणि वर आपला हात ठेवून दाबून धरला, जणू तो कुणी काढून नेईल. 

"हे कसं लागलं हिला?" तिने विचारलं.

त्याने व्रणाकडे पाहिलंही नाही. "कालव उघडताना," तो म्हणाला. "सुरी घसरली होती."

"कुठल्या हातातली?"

पातं पुसणारं फडकं थांबलं. शेजारच्या टेबलावरची बाई हातातला शिंपला पालथा घालायचं विसरून इकडे बघत होती. ओदिल खेकड्याची परात घेऊन बोळाच्या तोंडाशी आली आणि तिथेच उभी राहिली. चाळीस वर्षं कालवं उघडलेला तो माणूस आपल्या हातातल्या सुरीकडे बघत होता, आणि एनोरा त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.